सोयाबीनची बीजप्रक्रिया: ऑगस्टच्या उघडिपीत पीक तगायचं असेल तर

काळी_माती (औसा तालुका, लातूर)

मंडळी, मे संपत आलाय. वाण कोणता घ्यायचा, घरचं बियाणं की बाजारचं, यावर इथं भरपूर बोलून झालंय. मला बोलायचंय ते बियाणं तिफणीच्या चाड्यात पडायच्या आधीच्या तासाभराबद्दल, म्हणजे बियाण्याला औषध आणि जिवाणू लावण्याबद्दल. त्यालाच बीजप्रक्रिया म्हणतात.

2023 चा ऑगस्ट कुणीच विसरलेलं नसेल. 1901 पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो. आमच्याकडं सोयाबीन फुलात आलं आणि आभाळ बंद झालं. माझं चार एकर, सगळीकडं फुले संगम, घरचंच बियाणं. तीन एकराच्या बियाण्याला बीजप्रक्रिया केली होती. चौथ्या एकराच्या वेळी ढग भरून आले, माणसं खोळंबली होती, पेरणीजोगी ओल (वाफसा) जाईल या भीतीनं ते बियाणं तसंच पेरलं. वाण तोच, दिवस तोच, मध्ये फक्त एक धुरा.

उगवण दोन्हीकडं सारखीच दिसत होती. जुलैभर मला काहीच फरक कळला नाही. फरक दिसला तो उघडिपीच्या अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी. बिनप्रक्रियेच्या रानात सकाळी दहालाच पानं उलटी होऊन पांढरट पाठ दाखवायची. इकडच्या तीन एकरांत तीच वेळ दुपारी एक-दीडला यायची आणि दिवस कलला की पानं परत सरळ व्हायची.

मग दोन्हीकडची दहा-दहा झाडं कुदळीनं मुळासकट काढली. उपटली नाहीत, कारण उपटल्यावर मुळावरच्या नत्र धरणाऱ्या गाठी मातीतच राहतात. बादलीत धुऊन बांधावर ओळीनं मांडली. बिनप्रक्रियेच्या दहापैकी चार झाडांचं खोड उभं चिरल्यावर आत तांबूस पोकळ नळी निघाली, म्हणजे खोडमाशी. तिघांचं सोटमूळ जमिनीलगत तपकिरी पडलेलं. मुळावर गाठी होत्या, पण बारीक, आणि नखानं फोडल्या तर आत हिरवट-करड्या. प्रक्रिया केलेल्या झाडांचं सोटमूळ माझ्या वितीपेक्षा चार बोटं जास्त खोल गेलेलं, आणि गाठी फोडल्या की आत गुलाबी, म्हणजे कामात असलेल्या.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालंय. बीजप्रक्रियेनं पाऊस येत नाही आणि जमिनीत ओलही वाढत नाही. पण पाऊस ओढ देतो तेव्हा झाडाला जे मूळ कामाला येतं ते पहिल्या महिनाभरातच घडलेलं असतं. त्या महिन्यात मूळ कुजलं किंवा खोड पोखरलं गेलं तर ऑगस्टमध्ये कितीही फवारण्या करा, खालची ओल वर ओढायला झाडाकडं काही उरत नाही.

माझी पद्धत लिहितो. चुकत असेल तर सांगा. एकराला 30 किलो बियाणं धरलंय.

आधी बुरशीनाशक: कार्बॉक्सिन 37.5 टक्के अधिक थायरम 37.5 टक्के हे मिश्र घटक, किलोला 3 ग्रॅम. मग कीटकनाशक: थायोमिथोक्झाम 30 एफएस, किलोला 10 मिली. हे सावलीत पूर्ण सुकवायचं. पेरणीच्या दिवशी सकाळी रायझोबियम (गाठी करून नत्र देणारे जिवाणू) आणि पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू), दोन्ही द्रवरूप, प्रत्येकी किलोला 10 मिली. परत सावलीत अर्धा-पाऊण तास, की चाड्यात.

पुण्यात_जीव_गावात

दादा, फार उपयोगी लिहिलंत. माझी शेती धाराशिवकडं आहे, भाऊ कसतो, मी पेरणीला आणि काढणीला जातो. एक शंका आहे. आमचे आजोबा हरभरा रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी सुकवून पेरायचे. कोरडवाहू रानात उगवण लवकर यायची, मूळही लवकर खाली जायचं. सोयाबीनला हे चालेल का? भिजवलेलं बियाणं ताण जास्त सोसतं असं वाचलंय.

माळव्यातून (इंदूर)

हे कृपया करू नका. तिसरी पिढी इंदुरात आहे आमची, पण शेती आणि भाषा दोन्ही सोडलेली नाही, आणि सोयाबीनच्या पट्ट्यातच जन्म गेला, म्हणून ठामपणे सांगतो.

हरभऱ्याची साल जाड आणि चिवट असते. सोयाबीनची पातळ, आणि अंकुर त्या सालीच्या लगतच कडेला असतो. म्हणून तर पोतं आपटलं तरी उगवण घटते. कोरडं सोयाबीन पाण्यात टाकलं की ते झपाट्याने पाणी ओढतं. बाहेरचा थर फुगतो, आतला अजून कोरडाच असतो, आणि त्या ओढाताणीत डाळिंब्यांना (दाण्याच्या दोन फोडींना) तडे जातात, आतली द्रव्यं पाण्यात उतरतात. घरी करून बघा. वाटीभर पाण्यात दहा दाणे टाका, थोड्या वेळात सालीवर सुरकुत्या उठतील आणि पाणी पिवळसर होईल. ते पिवळं पाणी म्हणजे दाण्याची शिदोरी, आणि जमिनीतल्या बुरशीला तेच आमंत्रण.

तुम्ही जे वाचलंय ते खोटं नाही. प्रयोगशाळेत बियाण्याला पॉलिएथिलीन ग्लायकॉलसारख्या द्रावणात हळूहळू पाणी देतात, तिथे पाणी शिरण्याचा वेग आवळलेला असतो. पुन्हा मूळ ओलीवर आणेपर्यंत वाळवणंही मोजूनमापून होतं. आपल्या ओसरीवर बादलीत ते जमत नाही.

सोयाबीनला उगवायला स्वतःच्या वजनाच्या साधारण निम्मं पाणी लागतं. ते त्याला मातीतूनच, सावकाश मिळू द्या. त्यासाठी 75 ते 100 मिमी पाऊस होऊन ओल खालपर्यंत जुळल्याशिवाय पेरू नये आणि बी 3-4 सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये. ही दोन पथ्यं मोडली तर बीजप्रक्रियेचा खर्च मातीत जातो.

वाशीमचा_गडी

मी त म्हणतो भाऊ, याच्याही आधीची गोष्ट पाहा. बी जितं हाये का ते.

2020 चा खरीप आठवा. त्याच्या मागच्या साली काढणीच्या टायमाले पाऊस हटलाच नव्हता, शेंगा झाडावरच भिजल्या, तेच बी दुसऱ्या साली पोत्यात आलं. आमच्याकडं कितीक जणांनी दुबार पेरली. मी पण पेरली. बिलाची बॅग होती, वरून औषध लावलं होतं, रंग मस्त लाल. उगवलं किती, त शंभरात चाळीस. मेलेल्या बियाले औषध लावून ते जितं होत नाही. माझा जीव जळला तो खर्चासाठी नाही, हंगामाचे बारा दिवस गेले त्याच्यासाठी. उशिरा पेरलं म्हणून शेंग भरायच्या वेळेस ओलच नव्हती.

तवापासून दरसाल मे मध्ये उगवण पाहतो. गोणपाट भिजवायचं, पाणी निथळू द्यायचं, शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज शिंपडत राहायचं. सहाव्या-सातव्या दिवशी मोजायचं. दाणे निवडून घ्यायचे नाहीत, पोत्यात हात घालून येतील ते. सत्तर निघाले त एकरी नेहमीइतकंच बियाणं. त्याच्या खाली असन त प्रमाण वाढवा, पन्नास-पंचावन्न असन त ते बी तेलाच्या गिरणीले द्या.

निवृत्त_कृषी_सहायक

काळी_माती, तुम्ही झाडं खोदून, धुऊन, चिरून पाहिलीत याबद्दल मनापासून कौतुक. तीस वर्षांच्या नोकरीत शेतकऱ्यांना हे सांगत आलो, करणारे थोडेच भेटले.

तरी एक विचारतो, राग मानू नका. तो चौथा एकर कुठं आहे? वरच्या अंगाला असेल तर माती हलकी असेल, ओल आधीच कमी धरत असेल. मग सकाळी दहाला सुकण्याचं सगळं श्रेय बीजप्रक्रियेच्या अभावाला देता येणार नाही. खोडमाशी आणि मूळकुजीचा पुरावा मात्र तुमच्या हातात आहे, तो मान्यच करावा लागेल.

खरी तुलना हवी असेल तर यंदा असं करा. प्रत्येक तुकड्यात मधोमध चार तासं (ओळी) बिनप्रक्रियेची पेरा, दोन्ही टोकांना खुंट्या ठोका. मग हलकी-भारी माती दोघांना सारखीच मिळते.

आता ताण सोसण्याचा आणि बीजप्रक्रियेचा संबंध. यात तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि आपण त्या एकत्र कालवतो.

पहिली, मूळ आणि खोड शाबूत राहणं. बुरशीनाशक आणि कीटकनाशक यांचं काम एवढंच. खोडमाशी, पांढरी माशी यांच्यापासून पहिले तीन-चार आठवडे संरक्षण मिळतं. नंतर औषध संपतं. चक्रीभुंगा पुढं येतो, त्याच्यावर बियाण्याच्या औषधाचा भरवसा ठेवू नका.

दुसरी, नत्र. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. सोयाबीनच्या गाठी पाण्याच्या ताणाला फार हळव्या असतात. पानं सुकलेली आपल्याला दिसतात, पण त्याच्या आधीच खाली गाठींनी हवेतला नत्र धरणं कमी केलेलं असतं. झाड वरून हिरवं दिसतं आणि आतून उपाशी असतं. म्हणून उघडिपीच्या आधीच, पस्तीस-चाळीस दिवसांपर्यंत, मुळावर भरपूर आणि गुलाबी गाठी तयार असणं गरजेचं. पेरताना युरियाचा हात सैल सोडला की झाड आळशी होतं, गाठी धरत नाही. तेही ध्यानात ठेवा.

तिसरी, मुळाभोवतीचे उपकारक जीव, ट्रायकोडर्मा नावाची बुरशी आणि काही जिवाणू. कोरड पडली की मूळ इथिलीन नावाचा वायू तयार करतं आणि त्याच्या जोरानं स्वतःचीच वाढ थांबवतं. काही जिवाणू तो वायू ज्या पदार्थापासून बनतो तोच खाऊन टाकतात, त्यामुळं मूळ आणखी काही दिवस वाढत राहतं. यावर जगभर काम झालंय. पण दुकानातल्या प्रत्येक बाटलीत तेच जिवाणू आहेत असं समजू नका. 'दुष्काळरोधक' असं मोठ्या अक्षरात लिहिलेल्या बाटलीवर जिवाणूचं नाव, संख्या आणि शेवटची तारीख नसेल तर ती खाली ठेवा.

आणखी एक प्रामाणिकपणे सांगायला हवं. ज्या रानात वर्षानुवर्षं सोयाबीन आहे तिथं मातीत सोयाबीनचं रायझोबियम आधीच असतं, तिथं कल्चरचा (विकतच्या जिवाणूंचा) फरक थोडा दिसतो. नव्या रानात, किंवा ऊस मोडून सोयाबीन घेतलेल्या रानात तो डोळ्यांनी दिसतो. पाकीट सोयाबीनचंच घ्या. हरभऱ्याचं किंवा तुरीचं रायझोबियम सोयाबीनला चालत नाही.

काळी_माती

राग कशाचा साहेब. बरोबर ओळखलंत, तो एकर वरच्या अंगालाच आहे. मुरमाड नाही, पण खालच्या रानाइतकी खोल माती नाही. यंदा चार तासं सोडतो, खुंट्याही ठोकतो.

ओटीतलं_बियाणं (परभणी)

आमच्या घरी बीजप्रक्रिया माझ्याकडं आणि जाऊबाईंकडं असते, म्हणून हाताच्या कामाबद्दल लिहिते. वर प्रमाणं सगळी आलीत, पण बी खराब होतं ते लावण्याच्या पद्धतीनं.

चार वर्षांपूर्वी माझ्याकडून 60 किलो बियाणं वाया गेलं. पावडरचं कल्चर होतं, ते चिकटावं म्हणून गूळपाणी केलं. तांब्याच्या अंदाजानं ओतत गेले. बी ओलं झालं आणि वर आम्ही दोघी ते हातांनी चोळत बसलो, पिठात तेल चोळतात तसं. बघता बघता साली सुटायला लागल्या, तळहाताला चिकटायला लागल्या. सालीबरोबर बियाण्याचे दोन भागही वेगळे झाले. सासरे बांधावर वाट बघत उभे. ते काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आता असं करतो. सारवलेल्या जमिनीवर ताडपत्री, सावलीत. एका वेळी दहाच किलो बी. गूळपाणी करायचं असेल तर लिटरभर पाण्यात 125 ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करायचं, आणि दहा किलोला त्यातलं फार तर पावशेर वापरायचं. तेही ओतायचं नाही, शिंपडायचं. मग ताडपत्रीची चार टोकं दोघींनी धरायची आणि बी या टोकाकडून त्या टोकाकडं सावकाश लोळवायचं. आठ-दहा वेळा लोळवलं की सगळ्या दाण्यांना सारखा रंग येतो. हात लावायचाच नाही. गटानं मिळून ड्रम घेतला असेल तर आणखी चांगलं, पण तोही हळू फिरवा.

बुरशीनाशकाची पावडर असेल तर 30 किलोला 90 ग्रॅम पावडर अगदी थोड्या पाण्यात, वाटीभर समजा, कालवून घेते. वरून दुसरं पाणी नाही. द्रवरूप कल्चरला तर पाणी लागतच नाही.

हातमोजे आणि तोंडाला फडकं, हे मी हट्टानं सांगते. आपल्याकडं हे काम बायकांकडं असतं आणि मोजे फवारणीवाल्या माणसासाठी ठेवलेले असतात. उरलेलं रंगीत बी कोंबड्यांना, गुरांना नाही. ज्या घमेल्यात कालवलं ते परत स्वयंपाकघरात नाही.

पुण्यात_जीव_गावात

ताई, हे वाचून भावाला लगेच फोन केला. तो हातानंच चोळतो. आता दोन प्रश्न. आम्ही सेंद्रियकडं वळायचा प्रयत्न करतोय, तर रासायनिक बुरशीनाशकाऐवजी ट्रायकोडर्मा पुरेल का? आणि एक बॅग विकतची आणलीय, तिला आधीच लाल रंग आहे, तिला काय करायचं?

निवृत्त_कृषी_सहायक

ट्रायकोडर्मा किलोला 8 ते 10 ग्रॅम लावा, चालतं. तो रायझोबियमबरोबर सुखानं राहतो. पण एकाच दाण्यावर रासायनिक बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा दोन्ही लावू नका. ट्रायकोडर्मा ही स्वतः बुरशीच आहे, औषध तिलाही मारतं. दोन्ही हवेत तर औषध बियाण्याला आणि ट्रायकोडर्मा कुजलेल्या शेणखतात मिसळून जमिनीत. मागच्या साली ज्या रानात झाडं जागोजागी वाळून गेली होती, खोडाच्या बुडाशी मोहरीसारखे दाणे दिसले होते, तिथं नुसत्या ट्रायकोडर्मावर पहिल्याच वर्षी विसंबू नये असं माझं मत.

विकतच्या बॅगचं लेबल वाचा. कोणतं औषध लावलंय ते लिहिलेलं असतं. तेच परत लावायचं नाही. फक्त बुरशीनाशक असेल तर कीटकनाशक आणि कल्चर लावा, दोन्ही असतील तर कल्चर. कल्चर जिवंत असतं, म्हणून नेहमी सगळ्यात शेवटी आणि पेरणीच्याच दिवशी. पत्र्याच्या दुकानात उन्हात ठेवलेली बाटली घेऊ नका.

माळव्यातून

कल्चरच्या प्रमाणात आमच्याकडे आणि तुमच्याकडे फरक आहे. इथल्या सोयाबीन संशोधन संस्थेच्या शिफारशीत रायझोबियम आणि पीएसबी किलोला 5-5 ग्रॅम असतं, महाराष्ट्रात पावडर कल्चर दहा किलोला पाव किलो सांगतात. गोंधळ नको म्हणून तुम्ही ज्याचं पाकीट घेतलंय त्यावरचं प्रमाण पाळा.

एक भर घालतो. ताणात पीक राखायचं तर बीजप्रक्रियेबरोबर रुंद वरंबा सरी (बीबीएफ) हवीच. बीबीएफ यंत्राने पेरलं की वरंब्यावर मूळ मोकळ्या मातीत उतरतं, सरीत पडलेलं पाणी मुरतं, आणि जास्तीचं असेल तर निघून जातं. बियाणंही एकरी बरंच कमी लागतं, म्हणजे तेवढ्याच औषधात काम भागतं. आणि खंड लांबलाच तर पोटॅशियम नायट्रेट, 13:0:45, दहा लिटरला 100 ग्रॅम, सकाळी किंवा कलत्या उन्हात फवारा. दोन डवरणी (ओळींमधली कोळपणी) द्या म्हणजे भेगा बुजतील. आम्ही 2023 ला हेच केलं.

वाशीमचा_गडी

बीबीएफ यंत्र गावात एकच असते अन् पेरणी समद्याइची एकाच दिवशी. ज्याले नाही भेटलं त्यानं साध्या पेरणीतच दर चार-सहा तासांमागं डवऱ्याले दोरी गुंडाळून सरी काढावी. मी तेच करतो. खर्च काही नाही.

पुण्यात_जीव_गावात

आठवड्यानंतर परत लिहितोय. गावी आलोय. भावानं आणि मी वाशीमच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे घरच्या बियाण्याची उगवण लावली होती. आज गोणपाट उघडलं. 100 पैकी 78 उगवलेत, नऊ वाकडे-तिकडे कोंब, तेरा कुजलेले. विकतच्या बॅगचे 71.

घरच्या बियाण्याला ट्रायकोडर्मा आणि दोन्ही कल्चर, विकतच्या बॅगला लेबलवर फक्त बुरशीनाशक आहे, म्हणून थायोमिथोक्झाम आणि कल्चर असं ठरवलंय. मोजे आणले, दोन जोड, एक वहिनीसाठी. भावाला ताडपत्रीवर कोरडं बी लोळवून दाखवायला लावलं, तिसऱ्या वेळी जमलं त्याला.

चार तासं आम्हीही सोडतोय, विहिरीच्या बाजूच्या तुकड्यात. आता मृगाची वाट आहे.

काळी_माती

78 म्हणजे उत्तम. बी 30 किलोच धरा, वाढवू नका. दाट झालं की ताणात एकमेकांचं पाणी पितात. चाळिसाव्या दिवशी त्या चार तासांतली पाच आणि शेजारची पाच झाडं कुदळीनं काढा, उपटू नका, आणि गाठींचे फोटो इथंच टाका. मीही टाकतो.